बाळाचा डॉक्टर बाळ येण्याआधीच ठरवा



बस्तीत एखाद्या घरी दिवस राहिलेली सून भेटली की मी हमखास एक प्रश्न विचारते, "बाळाला कोणत्या डॉक्टरला दाखवणार?" सून गप्प बसते आणि उत्तर सासूबाई देतात, "आजारी पडलं तं पाहू नं बाई, आतापासून काहून त्याचा इचार?" जन्माआधी बाळाचं काही ठरवू नये, असाही एक समज त्यामागे असतो. आज या पानावर याच प्रश्नाचा अभ्यास करू.

आधी माझ्या घरातली गोष्ट सांगते. मी नर्सिंगचा डिप्लोमा करून नुकतीच नोकरीला लागले होते. माझ्या मावसबहिणीला पहिला मुलगा झाला. वजन अडीच किलोपेक्षा थोडं कमी. अकराव्या दिवशी तो अंगावर ओढेना. बहीण त्याला बाजारातल्या एका दवाखान्यात घेऊन गेली, कारण तिथे नेहमी गर्दी असायची. गर्दी आहे म्हणजे हाताला गुण आहे, असा तिचा हिशोब. तिथे बाळाचे कपडे काढले नाहीत, वजन केलं नाही, ताप मोजला नाही. एक सुई टोचली, एक बाटली दिली आणि "उद्या आणा" म्हणून सांगितलं. रात्री बाळाचं अंग गार पडलं. गाडी मिळेपर्यंत पहाट झाली. सेमाडोहच्या पुढे घाटात बाळ गेलं.

त्या दवाखान्याच्या पाटीवर नावापुढे काही अक्षरं होती. मी त्या पाटीखालून रोज जात होते, पण नर्स असूनही ती अक्षरं कशाची, हे मी कधी नीट वाचलं नव्हतं. मग बहिणीला कोण सांगणार होतं?

बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार लेकरं लहानपणीच गेली. धाकटा राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. त्या काळी जंतुसंसर्गावर आजची औषधं नव्हती. आज ती औषधं धारणीतही मिळतात. आज आपलं लेकरू जातं ते बहुतेक वेळा उशिरामुळे. चुकीच्या दारात गेलेला एक दिवस आपल्याला महाग पडतो.

आपल्या भागात 'निवड' म्हणजे काय?

शहरातल्या बाईला एका रस्त्यावर चार बालरोगतज्ज्ञ मिळतात. ती त्यातून एक निवडते. आपलं तसं नाही. धारणीला उपजिल्हा रुग्णालय आहे, गावोगावी उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, पण अमरावती इथून दीडशे किलोमीटरच्या घरात आहे आणि मध्ये घाट आहे. बालरोगतज्ज्ञाची जागा भरली जाते, रिकामी होते, पुन्हा भरली जाते. मेळघाटातल्या बालमृत्यूंवर २००७ साली दाखल झालेल्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालय वर्षानुवर्षं सरकारला याबद्दल जाब विचारत आलं आहे.

म्हणून आपल्याकडे एक डॉक्टर ठरवून भागत नाही. तीन कड्यांची साखळी ठरवावी लागते. पहिली कडी दाराशी येणारी आशाताई आणि उपकेंद्राची नर्स. दुसरी कडी जवळचा डॉक्टर, जो बाळाला वरचेवर पाहील. तिसरी कडी मोठं रुग्णालय, जिथे अत्यवस्थ बाळाला ठेवता येतं. या तिन्ही कड्या आठव्या महिन्यातच ठरलेल्या असाव्यात.

पहिली कडी: आशाताई

आशाताईला कमी समजू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन करायला, ताप मोजायला, श्वास मोजायला शिकवलं. १९९५ पासून ३९ गावांत हे काम झालं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि पुढे २०११ पासून देशभरातल्या आशांना हे काम देण्यात आलं. आपल्या धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेनेही गावातल्या बायकांना शिकवूनच असं काम उभं केलं.

दवाखान्यात जचकी झाली असेल तर आशाताईने घरी सहा वेळा यायचं असतं: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी जचकी झाली तर पहिल्या दिवशीही. ती आली नाही तर निरोप पाठवून बोलवा. आल्यावर नुसत्या सहीवर परत पाठवू नका. "ताई, वजन करा, ताप पाहा, श्वास मोजा," असं स्पष्ट सांगा. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतं. जन्माच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरलं तर घाबरू नका. दोन आठवड्यांत ते भरून यायला हवं. त्यानंतर रोज वीस ते तीस ग्रॅम वाढायला हवं. हे आकडे कार्डावर लिहिलेले असले तर पुढच्या डॉक्टरचं निम्मं काम होतं.

दुसरी कडी: पाटीवरची अक्षरं वाचा

एमबीबीएस म्हणजे ॲलोपॅथीचं मूळ शिक्षण. त्यापुढे एमडी (बालरोग), डीएनबी (बालरोग) किंवा डीसीएच लिहिलं असेल तर तो लहान मुलांचा खास डॉक्टर. बीएएमएस म्हणजे आयुर्वेद, बीएचएमएस म्हणजे होमिओपॅथी. या पदव्या खोट्या नाहीत. आपल्या भागात रात्री-अपरात्री दार उघडणारे यातलेही पुष्कळ आहेत, त्यांचा मान ठेवलाच पाहिजे. पण दोन महिन्यांच्या आतलं बाळ आजारी असेल तर ते बालरोगतज्ज्ञाकडे किंवा सरकारी रुग्णालयातच गेलं पाहिजे. चांगला डॉक्टर कोणत्याही पदवीचा असो, तो हे स्वतःच सांगतो.

आणि काही पाट्यांवर पदवीच नसते, नुसतं 'डॉक्टर' असतं. प्रत्येक डॉक्टरची त्याच्या त्याच्या परिषदेत नोंदणी असते. एमबीबीएसवाल्याची महाराष्ट्र वैद्यक परिषदेत. नोंदणी क्रमांक पाटीवर किंवा चिठ्ठीवर छापलेला असावा. नसेल तर विचारा. विचारण्यात अपमान कसला? खऱ्या डॉक्टरला तो प्रश्न टोचत नाही.

पदवी मात्र सर्व काही नव्हे. बैरागडचे डॉ. रवींद्र कोल्हे आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. पहिल्या तपासणीचे दोन रुपये आणि पुढच्या वेळी एक रुपया घेऊन त्यांनी आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी वर्षानुवर्षं मेळघाटातली माणसं तपासली. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. त्यांची एमडी बालरोगाची नाही. तरी किती मायांनी त्यांच्या भरवशावर लेकरं वाढवली! डॉक्टर तपासतो कसा आणि वेळेवर पुढे पाठवतो का, हे पदवीइतकंच महत्त्वाचं आहे.

पहिल्या भेटीत काय पाहायचं?

बाळ ठणठणीत असताना एकदा डॉक्टरला दाखवून आणा. आजारी बाळ कडेवर असलं की आपलं लक्ष थाऱ्यावर नसतं. बाळ बरं असताना डॉक्टरची पारख होते. या गोष्टी बघा.

एक, डॉक्टर हात धुतो का? नवजात बाळाला हात लावण्याआधी साबण किंवा सॅनिटायझर लागलंच पाहिजे.

दोन, बाळाला हात लावतो का? टेबलापलीकडून बघून चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर बाळाचा डॉक्टर नव्हे. बाळाला उघडं करून टाळू, डोळे, छाती, पोट, नाळ, पाय सगळं पाहिलं पाहिजे. आपल्या माणसाला लांबून तपासण्याची सवय काही ठिकाणी अजून गेलेली नाही, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. तिथे दुसऱ्यांदा जाऊ नका.

तीन, वजन करतो का? लहान बाळाचं औषध वजनावर ठरतं. वजन न करता डोस लिहिला म्हणजे तो अंदाजाने लिहिला.

चार, आईला बोलू देतो का? बाळ किती वेळा पितं, लघवी किती वेळा होते, हे आईलाच माहीत. ती कोरकू बोलो, वऱ्हाडी बोलो, तिचं ऐकून घेणारा डॉक्टर हवा. सांगताना आपल्याला समजेल अशा भाषेत सांगणारा हवा.

पाच, अंगावरच्या दुधाबद्दल काय सांगतो? पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, मध नाही, घुट्टी नाही. कारण नसताना पावडरच्या दुधाचा डबा लिहून देणाऱ्याला "का?" असं विचाराच.

सहा, प्रत्येक वेळी सुई देतो का? साध्या सर्दीला, साध्या तापाला सुईची गरज नसते. आपल्याच लोकांना सुई टोचल्याशिवाय पैसे फिटल्यासारखं वाटत नाही, म्हणूनही डॉक्टर ती देतात. ही सवय आधी आपण सोडायची.

सात, लिहून देतो का? काय झालं, कोणतं औषध, किती, किती दिवस, हे कागदावर हवं. कागद न देता पुडीत गोळ्या बांधून देणारा दवाखाना टाळा. पुढच्या डॉक्टरला आधी काय दिलं तेच कळत नाही.

आठ, "हे माझ्याकडे होणार नाही, पुढे न्या," असं म्हणतो का? ज्या डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य कधीच निघत नाही, त्याची मला भीती वाटते. माझ्या बहिणीच्या बाळाला हे एकच वाक्य हवं होतं.

शेजारीण म्हणाली, गर्दी आहे, पाहुण्यांच्या लेकराला गुण आला, एवढ्यावर जाऊ नका. ऐकलेलं पडताळून घ्यावं, ही तर तथागतांचीच शिकवण आहे.

बाटल्यांबद्दल सावध राहा

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचं एक औषध पिऊन वीसपेक्षा जास्त लेकरं दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विष निघालं. त्याने मूत्रपिंडं निकामी होतात. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही शक्यतो टाळावीत. तान्ह्या बाळाला सर्दी झाली म्हणून लगेच खोकल्याची बाटली काढणारा डॉक्टर असो की मेडिकलवाला, बाटली घेऊ नका. नाक चोंदलं असेल तर नाकात टाकायचे मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात. हगवण लागली तर ओआरएस आणि झिंक द्यायचं. दोन महिन्यांच्या पुढच्या बाळाला झिंक १४ दिवस द्यायचं, हगवण आधी थांबली तरी.

पोट फुगलं म्हणून तापल्या विळ्याने पोटावर चटके देणं मेळघाटात अजून घडतं. भूमकाला शिव्या देऊन हे थांबत नाही. रात्री दोन वाजता दुसरं दार माहीत नसतं, म्हणून लोक त्याच्याकडे जातात. दुसरं दार आधी माहीत करून द्यायचं, ते आपलं काम आहे.

सिकलसेल: डॉक्टरला स्वतःहून सांगा

हा भाग प्रत्येक बौद्ध घराने दोनदा वाचावा. सिकलसेल फक्त आदिवासींचा आजार नाही. विदर्भात तो आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल पहिल्यांदा लिहिलं, तेव्हापासून ही गोष्ट माहीत आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता अशी असते की बाळाला पूर्ण आजार येईल. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, म्हणून घरात कुणाला पत्ता नसतो.

जन्मतः बाळ चांगलं दिसतं. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून त्रास सुरू होतो. हाताचे-पायाचे पंजे सुजतात, बाळ रडरड करतं, फिकं पडतं, प्लीहा वाढते, ताप आला तर झपाट्याने बिघडतं. आधी कळलं तर दुसऱ्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन देतात आणि कितीतरी जीव वाचतात. म्हणून आई-वडिलांनी गरोदरपणातच रक्त तपासून घ्यावं. दोघंही वाहक निघाले तर बाळाच्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगा. एक लक्षात ठेवा, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला साधी सोल्युबिलिटी चाचणी भरवशाची नसते. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करायला सांगा. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. विदर्भात राहून सिकलसेलबद्दल एक शब्द न विचारणारा बालरोगतज्ज्ञ असेल तर आपणच तो विषय काढायचा.

लसी कुठे घ्यायच्या?

सरकारी लस कमी दर्जाची असते, हा गैरसमज आहे. जन्मताच बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि २४ तासांच्या आत कावीळ-बी ची लस. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओ आणि रोटा. सहा आणि चौदा आठवड्यांना न्यूमोनियाची लस, तिचा पुढचा डोस नऊ महिन्यांना. नऊ महिन्यांनाच गोवर-रुबेला. हे सगळं उपकेंद्रात फुकट आहे. खासगी डॉक्टर काही जादा लसी सुचवतात. परवडत असेल तर विचार करा, पण त्यासाठी कर्ज काढू नका आणि सरकारी लस चुकवू नका. बाळ कुठल्याही दवाखान्यात न्या, माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर हवंच. ते न बघता लस टोचणारा डॉक्टर नको.

पैसा आणि हक्क

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला उपचार, औषध, तपासण्या, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर पावती मागा. खासगी रुग्णालयात भरती करायची वेळ आली तर आधी विचारा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना इथे लागू आहे का? असेल तर आरोग्यमित्राला भेटा आणि रेशन कार्ड जवळ ठेवा. २०२१ च्या नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशी लावायची असते. भिंतीवर ती शोधा.

तिसरी कडी: या खुणा दिसल्या तर थांबू नका

दोन महिन्यांच्या आतल्या बाळात यातली एकही खूण दिसली तर ते रुग्णालयातच गेलं पाहिजे:

• अंगावर ओढत नाही किंवा ओढणं एकदम कमी झालं
• झटके आले
• एका मिनिटात श्वास ६० किंवा जास्त (पूर्ण मिनिट मोजा), किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो
• काखेत ताप ३७.५ अंश सेल्सिअस म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा वर, किंवा अंग गार पडलं
• हलवल्याशिवाय हालचाल करत नाही
• पहिल्याच दिवशी पिवळं पडलं, किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे झाले
• नाळेभोवती लाल झालं, पू येतो

अशा वेळी १०८ ला फोन लावा. फोनला रेंज कुठे मिळते आणि रात्री गाडी कुणाची निघते, हे आधीच ठरलेलं असावं. बाळाच्या डॉक्टरला विचारून ठेवा, "नवजात बाळांचा एसएनसीयू कक्ष कुठे आहे? धारणीत भागेल की अचलपूर-अमरावतीला पाठवाल?" वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या. टोपी-मोजे घाला. ओढत असेल तर अंगावर पाजत राहा. गार पडलेलं बाळ घाटात टिकत नाही, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

या महिन्याचा गृहपाठ

विहारात महिला मंडळाची बैठक होईल तेव्हा हा लेख मोठ्याने वाचा. बस्तीतल्या प्रत्येक गरोदर बाईच्या घरी एक कागद तयार करून दाराच्या आत चिकटवा. त्यावर सहा ओळी: आशाताईचं नाव आणि फोन, नर्सबाईंचा फोन, बाळाला दाखवायच्या डॉक्टरचं नाव, पदवी आणि वेळ, रात्री कुठे जायचं, गाडी कुणाची, आई-वडिलांचा सिकलसेलचा रिपोर्ट काय आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा कागद शाळेतल्या पोरींनी लिहून द्यावा.

माझ्या मावसबहिणीला नंतर मुलगी झाली. त्या वेळी असा कागद तिच्या दाराला आठव्या महिन्यातच लागला होता. नवव्या दिवशी पोरीचे तळपाय पिवळे दिसले. आई तिला त्याच सकाळी रुग्णालयात घेऊन गेली आणि चौथ्या दिवशी घरी आली. पोरगी आता दहावीला आहे. कागद केव्हाच फाटला, पण बहीण आता बस्तीतल्या दुसऱ्यांच्या दाराला तो चिकटवत फिरते.

जय भीम.